राजदूत ३५० चे पुढचे शॉकअप: दोनदा सील बदलले, तेल थांबेना

कोपरी_३५० (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:४०

गाडी राजदूत ३५०, १९८५ चं मॉडेल, लो टॉर्क (कमी ताकदीची आवृत्ती), पुढे अर्थातच ड्रम ब्रेक. दोन्ही शॉकअपमधून तेल येतं, डावीकडून जास्त. सहा महिन्यांत सील दोनदा बदलून झाले. दोन्ही वेळा ३४×४६×१० चे (आतला व्यास×बाहेरचा व्यास×जाडी, मिमीमध्ये) सील बसवले. ऑइल २०डब्ल्यू४० इंजिनचंच, प्रत्येक बाजूला 'अंदाजे २००' मिली.

बाकी लक्षणं: घोडबंदर रोडच्या पॅचवर हँडल दगडासारखं. शॉकअप शेवटचे दोन-तीन सेंमी दाबलाच जात नाही. पुढचा ब्रेक धरून गाडी मागे-पुढे ढकलली की बारीक 'खट' येतं. पाइप बाहेरून चकचकीत आहेत, गंज दिसत नाही.

या वेळी घरीच पूर्ण खोलायचं आहे. हब, अ‍ॅक्सल, ड्रम यांची सवय आहे, शॉकअपच्या आत हात घातलेला नाही. उघडण्याचा क्रम, कुठे काय मोजायचं, काय बदलायचंच, एवढं हवं आहे.

वागळे_मायक्रोमीटर · सोमवार, रात्री १०:१५

सील हा यातला सगळ्यात निरपराध पार्ट. दोन जोड्या इतक्या लवकर गेल्या म्हणजे सील ज्यावर घासतं तो पाइप, सील ज्यात बसतं ती खोबण किंवा आतला दाब, या तिघांपैकी कुणीतरी गुन्हेगार आहे. तुमच्या पोस्टमध्ये तिघांचाही वास येतोय.

पाइपपासून सुरुवात करा. चकचकीत असणं म्हणजे मापात असणं नव्हे. कुणीतरी आधी पॉलिश मारून किंवा शो-क्रोम (नुसता दिखाऊ पातळ क्रोम) करून पाइप 'नवा' केलेला असू शकतो. २५-५० मिमीचा आउटसाइड मायक्रोमीटर हवा, साध्या व्हर्नियरवर या कामात विश्वास ठेवू नका. दोन ठिकाणी मोजा:

पहिली जागा हँडलखाली पाइप धरणाऱ्या दोन क्लॅम्पच्या मधली, हेडलाइटच्या कानाखाली झाकलेली. तिथे सील कधी पोचत नाही, त्यामुळे मूळ माप तिथेच सापडतं.
दुसरी जागा सील रोज जिथून वरखाली जातं तो पट्टा. तिथे तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर पाइप ९० अंशात फिरवून दोनदा.

दोन्हींतला फरक ०.०२ मिमीच्या आत असेल तर पाइप निर्दोष. ०.०५ च्या पुढे गेला तर कुठलंही सील टिकणार नाही.

खड्ड्यांसाठी नखावर जाऊ नका. कापसाचा बोळा पाइपभोवती हळू फिरवा, तंतू जिथे अडकेल तिथे खड्डा. पेनने खूण करून ठेवा.

टेंभीनाका_टूस्ट्रोक · सोमवार, रात्री १०:३२

एवढं कशाला? चांगल्या कंपनीचं सील आणि थोडं जाड ऑइल, विषय संपला. जाड ऑइल सीलमधून सहज येत नाही.

सर्किलप_काका · सोमवार, रात्री ११:०५

जाड ऑइलनेच तर हे सील मारले आहेत. किंबहुना जास्त ऑइलने.

यामाहा आरडी ३५० (राजदूत ३५० तिच्यावरूनच बनली) च्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक लेगला, म्हणजे पाइप ज्यात सरकतो त्या खालच्या नळीला, १४५ मिली आहे. इथे २०० गेलंय, म्हणजे ५५ मिली जादा. ५५ मिलीने काय होतं ते पाहा. पाइपचा बाहेरचा व्यास ३४ मिमी, म्हणजे छेद साधारण ९ चौरस सेंमी. शॉकअप ११ सेंमी दाबला गेला असं धरलं तर आतली १०० मिली जागा कमी होते. उदाहरणापुरतं समजा, योग्य ऑइल असताना पूर्ण उघड्या लेगमध्ये २०० मिली हवा आहे. दाबल्यावर ती १०० मिलीत कोंबली गेली, दाब दुप्पट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त. आता ५५ मिली ऑइल जादा असेल तर सुरुवातीलाच हवा १४५, दाबल्यावर ४५. दाब सव्वातीन पट, म्हणजे बाहेरपेक्षा सव्वादोन बार जास्त. सीलच्या ओठावर (पाइपला टेकणाऱ्या रबरी कडेवर) हा धक्का प्रत्येक खड्ड्याला बसतो.

'शेवटचे दोन-तीन सेंमी दाबलाच जात नाही' याचं उत्तरही यातच आहे. स्प्रिंग कडक झालेली नाही. आतली हवाच स्प्रिंग बनली आहे.

जाडीचा मुद्दा वेगळा. राजदूतचा शॉकअप डॅम्पर रॉडचा आहे: रॉडला ठरावीक भोकं, ऑइल त्यांतून ढकललं जातं. भोकातून जाताना वेग दुप्पट झाला की अवरोध चौपट होतो. सावकाश दाबाल तर जाड ऑइलने छान भरीव वाटतं, पण खड्ड्याची कड लागली की ऑइल तेवढ्या वेगाने भोकातून निघूच शकत नाही आणि धक्का सरळ मनगटात येतो. दगडासारखं हँडल ते हेच.

सील_पारखी · मंगळवार, सकाळी ८:१०

सीलचं माप कुणाच्या लक्षात आलं नाही. मूळ सील ३४×४६×१०.५. तुम्ही १० लावलंय. अर्धा मिमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण वरचं सर्किलप (सील वर येऊ नये म्हणून बसवलेली तारेची कडी) आपल्या खोबणीत ठरलेल्या जागी बसतं, त्यामुळे सील आणि सर्किलप यांच्यात अर्धा मिमी फट राहते. आतून दाब आला की सील वर सरकतं, दाब गेला की खाली. महिनाभरात बाहेरची बाजू घासून ढिली होते आणि तेल ओठातून न येता सीलच्या बाहेरच्या कडेने यायला लागतं. त्यानंतर खरं सील लावलं तरी ढिलं बसू शकतं, म्हणून खोबणही तपासा.

आणखी एक. ३४×४६×१० या मापात बेअरिंगच्या दुकानात मिळतं ते बहुतेक फिरणाऱ्या शाफ्टचं सील असतं. त्याचा ओठ गोल फिरण्यासाठी बनवलेला, वरखाली घासण्यासाठी नाही. शॉकअपच्या सीलला तेलाच्या बाजूला स्प्रिंगवाला ओठ असतो आणि बाहेरच्या बाजूला धूळ अडवणारा आणखी एक. नागदेवी स्ट्रीटला गेलात तर 'फोर्क सील' म्हणूनच मागा आणि जाडी तिथेच मोजून घ्या.

'कंपनी पॅक, जुना स्टॉक' याला भुलू नका. राजदूत ३५० चं उत्पादन १९८३ ते १९८९. त्या काळातलं सील आजवर पाकिटात पडून असेल तर त्याचं रबर केव्हाच कडक झालंय. डब्यात ठेवून रबर तरुण राहत नाही. अंगठ्याने ओठ दाबा, लगेच परत आला नाही तर सोडून द्या.

ऐरोली_बुलेट · मंगळवार, सकाळी ९:०२

बुलेटलाही १४५ च का?

सर्किलप_काका · मंगळवार, सकाळी ९:२०

नाही. बुलेटच्या शॉकअपची रचनाच निराळी आणि ऑइलही निराळं. इथले आकडे तिकडे लावू नका. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

पाना_चौदा · मंगळवार, रात्री ९:५५

उघडण्याचा क्रम. क्रम चुकला की कामाचे तास दुप्पट होतात, म्हणून सविस्तर.

१. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक, पुढचं चाक अधांतरी. मागच्या चाकाला वीट लावा. पुढचं चाक निघालं की गाडीचा तोल बदलतो.

२. चाक काढण्याआधी वरच्या क्लॅम्पचा पिंच बोल्ट ढिला करा आणि मगच पाइपच्या डोक्यावरचं टोपण अर्धा आटा फिरवून ठेवा. उलट केलंत तर क्लॅम्पने आवळलेल्या पाइपात टोपणाचे आटे दाबलेले राहतात आणि टोपणाचं षटकोन झिजतं. पोपटपाना इथे वापरू नका, नीट बसणारा रिंग पाना किंवा सॉकेटच.

३. आता लेगच्या तळाचा एलन बोल्ट. पाइप अजून गाडीवर, स्प्रिंग आत, टोपण अर्धा आटा सैल पण जागेवरच. स्प्रिंगच्या दाबाने डॅम्पर रॉड धरलेला असतो, म्हणून याच वेळी बोल्ट सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त. स्प्रिंग काढून बसलात की रॉड बोल्टबरोबर गरागरा फिरतो. एलनच्या खळग्यातला चिखल आधी दाभणाने कोरून काढा, एलन की पूर्ण आत जाऊ द्या, मग एकच झटका. अ‍ॅक्सल आड येत असेल तर चाक काढून हीच गोष्ट करा, पण टोपण काढू नका. बोल्ट फक्त सैल करायचा, काढायचा नाही, नाहीतर ऑइल पायावर.

४. चाक, मडगार्ड, स्पीडो केबल, ब्रेक केबल. ब्रेक प्लेट फिरू नये म्हणून लेगशी जी अडकण आहे ती कशी बसलीय याचा फोटो काढा. जोडताना ती चुकली तर पहिल्याच ब्रेकला प्लेट फिरेल. ही जागा म्हणजे जिवाशी खेळ.

५. खालचा पिंच बोल्ट सोडून पाइप फिरवत खाली ओढा. अडकला तर क्लॅम्पच्या फटीत जाड स्क्रूड्रायव्हर हलकेच. हातोडी नको.

६. टोपण काढताना वर हात ठेवा, स्प्रिंग उडी मारते. टोपण, स्पेसर, वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा, डावं-उजवं वेगळं. स्प्रिंगचे वेटोळे एका टोकाला दाट असतील तर ते टोक वर होतं की खाली, लिहून ठेवा.

७. ऑइल मापपात्रात ओता. किती निघालं, रंग काय, चुंबक फिरवल्यावर काय चिकटतं. राखाडी-चंदेरी असेल आणि चुंबकाला चिकटत नसेल तर ती अ‍ॅल्युमिनियमची पूड, म्हणजे लेग आतून झिजतोय.

८. एलन बोल्ट पूर्ण काढा. तरीही रॉड फिरत असेल तर झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक निमुळतं तासा, वरून पाइपात घालून रॉडच्या डोक्यात दाबून धरा. दुसरा माणूस खालून बोल्ट फिरवेल. इम्पॅक्ट गन असेल तर दोन सेकंदांचं काम.

९. पाइप बाहेर ओढला की डॅम्पर रॉड, त्यावरची छोटी रिबाउंड स्प्रिंग, पिस्टन रिंग आणि तळाशी निमुळता अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. हा तुकडा लेगमध्येच चिकटून राहतो आणि धुताना गटारात जातो. तो नसेल तर शॉकअप पूर्ण दाबला गेल्यावर धातू धातूवर आदळतो.

१०. सील. आधी धूळ-टोपी, मग सर्किलप. सर्किलप गंजलेलं असतं, आधी गंज सोडवणारं तेल मारून दहा मिनिटं थांबा. लेग हीट गनने गरम करा, पाण्याचा थेंब चुरचुरेल इतपतच. लेगच्या काठावर कापडाची जाड घडी, त्यावर टायर लिव्हर टेकवून सील थोडं थोडं चारी बाजूंनी उचला. एकाच जागी जोर लावलात तर अ‍ॅल्युमिनियमचा काठ तुटतो. खोबणीला आतून ओरखडा पडला तर नवं सील लागलं तरी तिथून तेल येणारच.

मिठागर_वाशी · मंगळवार, रात्री १०:४०

क्र. ७ ला जोड: ते ऑइल गटारात नको. गॅरेजवाल्याच्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपात ओता, कुणी नाही म्हणत नाही.

खाडीकाठच्या गाड्यांबद्दल एक: सीलच्या पट्ट्यातले खड्डे बहुतेक गाडी उभी असताना पडतात. धूळ-टोपीच्या आत पावसाचं पाणी आणि खारी हवा साचून राहते, आणि गाडी दोन महिने हलवली नाही की पाइपवर त्याच उंचीवर गंजाचं कडं उमटतं. कापूस फिरवताना ती उंची नीट बघा.

कोपरी_३५० · शनिवार, संध्याकाळी ६:२०

खोललं. आकडे:

डावा पाइप, झाकलेली जागा: ३३.९७. सीलच्या पट्ट्यात: ३३.८७, ३३.८५, ३३.८८. ९० अंशात फिरवून ०.०१ चा फरक.
उजवा पाइप, झाकलेली जागा: ३३.९७. पट्ट्यात: ३३.९१, ३३.९०, ३३.९२.
कापूस डाव्यावर तीन जागी अडकला, उजव्यावर एका.
काचेच्या टेबलावर लोळवले: डावा किंचित डुलतो, उजवा सरळ.
ऑइल डावीकडून १६० निघालं, उजवीकडून १९०. राखाडी.
स्प्रिंग: डावी उजवीपेक्षा ३ मिमी आखूड.
पिस्टन रिंगा शाबूत. निमुळते तुकडे दोन्ही आहेत.
पाइप लेगमध्ये घालून पूर्ण उघड्या स्थितीत हलवला तर डावीकडे जाणवण्याइतका खेळ, उजवीकडे नगण्य.

वागळे_मायक्रोमीटर · शनिवार, संध्याकाळी ७:०५

झालं की निदान. डावा एका पट्ट्यात ०.१२ पर्यंत उतरलाय. एवढी झीज सीलने होत नाही. कुणीतरी लेथवर फिरवून पॉलिश पेपर मारलाय, आणि मूळ हार्ड क्रोम तिथे जवळपास संपलाय. सील ३४ ला बनवलंय, त्याला ३३.८५ चा पाइप दिलात, बिचारं काय धरणार?

ब्रेक धरल्यावरचं 'खट' अर्धं इथलं. या शॉकअपमध्ये बदलता येणारा बुश नाही, पाइप अ‍ॅल्युमिनियमच्या लेगमध्येच सरकतो. पाइप बारीक झाला की खेळ वाढतो. उरलेलं अर्धं कोनसेटचं (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचं) असू शकतं. पाइप बाहेर आहेतच, तर टी-स्टेम (खालचा क्लॅम्प आणि त्याचा दांडा) खाली घेऊन छर्रे आणि कप बघून टाका. कपात छर्र्यांचे ठसे उमटलेले असतील तर कोनसेट नवा. छर्रे खाली सांडण्याआधी वरचे किती, खालचे किती, मोजून ठेवा.

वाकण्याबद्दल: व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून मध्यभागी डायल गेज लावा आणि पाइप फिरवा. डायल जेवढं दाखवेल त्याच्या निम्मा बाक. डायलवर ०.२ पर्यंत चालतं. थोडा जास्त असेल तर हायड्रॉलिक प्रेसवर थंडच सरळ होतो. गॅसने गरम करून सरळ करणाऱ्याला पाइप देऊ नका. आणि जिथे सुरकुती किंवा घडी दिसते तो पाइप भंगार, त्यावर चर्चा नको.

रबाळे_ग्राइंडिंग · शनिवार, रात्री ९:३०

क्रोमवाल्याकडे जाण्याआधी हे वाचा, कारण बहुतेक पाइप इथेच दुसऱ्यांदा बिघडतात.

'क्रोम करून द्या' म्हटलंत की शो-क्रोम होतो: निकलवर क्रोमचा नावापुरता थर, एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. आरशासारखा दिसतो आणि सील वर्षभरात तो खरवडून काढतं. तुम्हाला हवाय हार्ड क्रोम (जाड, टणक थर), आणि त्यानंतर सिलिंड्रिकल ग्राइंडिंग, म्हणजे पाइप गोल फिरवत मापात घासणं. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथे हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड करणारे आहेत, त्यांचा हा रोजचा धंदा. मोटारसायकलच्या दुकानापेक्षा तिथे जा.

क्रम असा: जुना क्रोम रसायनात उतरवायचा. पाइप सरळ करायचा. खड्डे जाईपर्यंत बेस, म्हणजे क्रोमखालचं पोलाद, घासायचा. मग मापापेक्षा जाड क्रोम चढवायचा आणि घासून मापावर आणायचा. सरळ करणं क्रोमच्या आधी. क्रोम झालेला पाइप प्रेसखाली घातला की क्रोमला तडे.

चिठ्ठीवर लिहून द्या, तोंडी सांगू नका:

अंतिम माप ३३.९७, कमी-जास्त ०.०१. 'चौतीस' असं लिहाल तर ते ३४.०० करतील आणि पाइप लेगमध्ये जाम होईल. तुमच्याच झाकलेल्या जागेचं माप द्या.
फिनिशनंतर क्रोमची जाडी प्रत्येक बाजूला किमान ४० मायक्रॉन.
वरचे आटे आणि क्लॅम्पची जागा झाकून ठेवा.
फिनिश आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) ०.२ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक.

बेस किती उतरवला हे विचारा. डाव्याचा बेस ३३.८० ला आला तर क्रोम बाजूला ८५ मायक्रॉन येईल, ठीक आहे. खड्डे खोल निघाले आणि बेस ३३.५ च्या खाली गेला तर एवढा जाड थर चढवण्यापेक्षा नवा पाइप शोधा. जाड क्रोम ठिसूळ होतो, कडेला पापुद्रा सुटतो.

हार्ड क्रोमला मुळातच सूक्ष्म भेगा असतात, त्यातून ओलावा खाली पोलादापर्यंत पोचतो. खाडीकाठी गाडी राहणार असेल तर खाली निकलचा थर देऊन वर हार्ड क्रोम करणारा शोधा. थोडं महाग, पण पावसाळ्यात फरक कळतो.

टेंभीनाका_टूस्ट्रोक · शनिवार, रात्री ९:५०

उजव्यावर एकच खड्डा आहे. त्याला एपॉक्सी भरून चालणार नाही का? दोन्ही कशाला?

रबाळे_ग्राइंडिंग · शनिवार, रात्री १०:१०

एका खड्ड्यासाठी चालतं. खड्डा ब्रेक क्लीनरने धुवायचा, एपॉक्सीचा ठिपका, पूर्ण सुकल्यावर दोन हजारचा पेपर तेलात भिजवून गोल फिरवायचा. उभा घासलात तर प्रत्येक ओरखडा म्हणजे तेलाला बाहेर यायची पन्हळ. पण याचा पाइपच ३३.९० वर आहे. ०.०७ एपॉक्सीने भरून येत नाही. दोन्ही एकत्र द्या.

सील_पारखी · शनिवार, रात्री १०:३०

लेगच्या खोबणीचं काय झालं? ४६ चं सील हाताने दाबून आत जातंय का बघा. हाताने गेलं तर खोबण ढिली. योग्य खोबणीत ते ठोकूनच जातं.

कोपरी_३५० · रविवार, सकाळी १०:०५

उजवीकडे हाताने जात नाही. डावीकडे अर्धं हाताने जातं, मग अडकतं.

सील_पारखी · रविवार, सकाळी ११:२०

चालेल. डावीकडे बसवताना बाहेरच्या कडेला गॅस्केटच्या लिक्विडचा अगदी पातळ हात द्या, ओठाला लागू न देता. पूर्ण हाताने गेलं असतं तर लेग बदलणं किंवा खोबण वाढवून स्लीव्ह टाकणं, दोनच मार्ग उरले असते.

पाना_चौदा · पुढचा शुक्रवार, रात्री ९:१५

पाइप येतील तेव्हासाठी जोडणी.

आधी पाइप घरी आल्या आल्या मोजा. ग्राइंडरच्या कागदावरचा आकडा नव्हे, तुमच्या मायक्रोमीटरवरचा. मग लेगमध्ये कोरडाच घालून सोडा. आपल्या वजनाने सावकाश, कुठेही न अडखळता खाली गेला पाहिजे. पाइपच्या खालच्या टोकाची कड ग्राइंडिंगमध्ये धारदार होते, ती बारीक पेपरने मोडा, आणि पाइप आतून धुवा. ग्राइंडिंगची पूड आत राहिली तर पिस्टन रिंग गेली.

लेग रॉकेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने, मग हवेने. पावसाळ्यात लगेच तेलाचा हात द्या.

डॅम्पर रॉडवर रिंग आणि रिबाउंड स्प्रिंग घालून रॉड वरून पाइपात सोडा, खालून बाहेर आलेल्या टोकावर निमुळता तुकडा, सगळं एकत्र लेगमध्ये. तळाच्या बोल्टला नवी तांब्याची वायसर. नवी मिळाली नाही तर जुनी गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाका, मऊ होते. बोल्टच्या आट्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक. बोल्ट ८ मिमीचा असेल तर साधारण २० न्यूटन-मीटर. स्प्रिंग आणि टोपण तात्पुरतं घालून मग आवळा, रॉड फिरणार नाही. नंतर परत काढा.

सील बसवण्याआधी पाइपच्या वरच्या टोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ओढा, तिला तेल लावा. आट्यांच्या कडेवरून ओठ ओढला की ओठ कापला जातो, आणि हे कापणं डोळ्याला दिसत नाही. ओठांच्या मध्ये थोडं ग्रीस. स्प्रिंगवाली बाजू खाली, तेलाकडे. आकडे छापलेली बाजू वर. आधी खालची सपाट वायसर, मग सील. ठोकायला जुनं सील उलटं करून नव्यावर ठेवा आणि त्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा, ज्याचा आतला व्यास ३४ पेक्षा थोडा जास्त. चारी बाजूंनी समान ठोका. आवाज 'ठप ठप' वरून 'टण' झाला की सील टेकलं. सर्किलपची खोबण पूर्ण गोल, सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. अर्धी दिसतेय म्हणजे सील तिरकं आहे, सर्किलप जबरदस्तीने घालू नका.

सर्किलप_काका · शुक्रवार, रात्री १०:००

ऑइल माझ्याकडे.

१०डब्ल्यू फोर्क ऑइल घ्या. पण फोर्क ऑइलच्या डब्यावरचा 'डब्ल्यू' कंपनीगणिक वेगळा असतो, त्यामुळे माहितीपत्रकात ४० अंशांना किती सेंटीस्टोक (ऑइलच्या जाडीचं एकक) ते बघा. ३० ते ३५ च्या आसपास हवं. पॉवर स्टिअरिंगमध्ये जातं ते लाल एटीएफ साधारण याच जाडीचं, चालतं, आणि लाल असल्यामुळे गळती लगेच दिसते. २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल ४० अंशांना याच्या तिप्पट-चौपट जाड असतं. आता कळलं दगड कुठून आला.

लेग पूर्ण कोरडा झालाय म्हणून १४५ पूर्ण घाला. स्प्रिंग बाहेर, पाइप हाताने पंधरा-वीस वेळा सावकाश वरखाली करा. सुरुवातीला चुळूक-चुळूक आवाज येतो, तो थांबेपर्यंत. दहा मिनिटं उभं ठेवा. मग पाइप पूर्ण खाली दाबून वरच्या काठापासून ऑइलच्या पातळीपर्यंत अंतर मोजा, दोन्ही बाजूंचं. पाइपचा आतला व्यास २९ धरला तर १० मिली ऑइल म्हणजे १५ मिमी उंची. तेव्हा दोन्हीकडे १-२ मिमीच्या आत जुळवणं सहज जमतं, मापपात्राने तेवढं जमत नाही. जास्त झालेलं ओढायला मेडिकलमधली ६० मिलीची सिरिंज आणि तिला नळी.

स्प्रिंग: एक आखूड असेल तर जोडीच बदला. नवी लांबी माहीत असेल आणि जुनी तिच्या दोन टक्क्यांहून जास्त बसली असेल तरीही तेच. डावी आखूड असताना फक्त डावीकडे स्पेसर घालून बरोबरी करायचा मोह होतो, करू नका. बसलेली स्प्रिंग पुन्हा बसते.

पाना_चौदा · शुक्रवार, रात्री १०:२५

टोपण बसवताना: वरून दाबून आधी उलटं फिरवा, आटा 'टक' करून बसल्याचं जाणवलं की सरळ. पहिले दोन आटे हातानेच. दोन्ही पाइप क्लॅम्पमध्ये सारख्या उंचीवर ठेवा. पाइप खालच्या क्लॅम्पमध्ये आवळलेला आणि वरचा क्लॅम्प ढिला असताना टोपण घट्ट करा, मग वरचा क्लॅम्प.

अ‍ॅक्सलचं नट आधी, अ‍ॅक्सलचा क्लॅम्प सर्वांत शेवटी. त्या दोन्हींच्या मधल्या वेळात गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरा आणि शॉकअप दहा वेळा दाबा. दोन्ही लेग आपापली जागा घेतात, मगच क्लॅम्प आवळा. हे केलं नाही तर लेग एकमेकांना ओढून धरतात, शॉकअप अडखळतो आणि नवं सील एका बाजूनेच घासतं.

कोपरी_३५० · त्यापुढचा रविवार, रात्री ८:४५

जोडलं. पाइप घरी मोजले: डावा ३३.९७, उजवा ३३.९६. सील ३४×४६×१०.५. दोन्हीकडे नव्या स्प्रिंग. १४५ मिली, पातळी दोन्हीकडे १ मिमीच्या आत. कोनसेटच्या खालच्या कपात ठसे होते, बदलला. 'खट' गेलं.

डाव्या पाइपवर झिपटाय (शॉकअप किती दाबला गेला ते कळावं म्हणून) बांधून पाम बीच रोड आणि परत कळव्यापर्यंत फेरी. तेल नाही. फक्त पाइपवर अगदी पातळ ओलसर फिल्म. बसल्यावर शॉकअप ४१ मिमी खाली जातो. एकूण चाल ११० मोजली. हे जास्त आहे का? आणि ती फिल्म गळती समजायची का?

सर्किलप_काका · रविवार, रात्री ९:१०

फिल्म हवीच. पूर्ण कोरड्या पाइपवर सील जळतं. बोट पुसल्यावर थेंब जमला आणि तो ओघळून लेगवर आला तर गळती. एखाद्या धुळीच्या दिवसानंतर अचानक थेंब दिसला तर सील बदलायला धावू नका. ओठाखाली कचरा अडकतो. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापा, कोपरा गोल करा, पाइप आणि सीलच्या मधून सरकवून एकदा गोल फिरवा. कचरा बाहेर.

४१ जास्त आहे. माणूस बसल्यावर चालीच्या २५ ते ३० टक्के, म्हणजे तुमच्याकडे २७ ते ३३. स्पेसर दोन्ही बाजूंना १० मिमीने वाढवा, पीव्हीसीचा तुकडा चालेल, कडा काटकोनात कापलेल्या आणि दोन्ही टोकांना पोलादी वायसर. ३१ च्या आसपास येईल.

कोपरी_३५० · मंगळवार, रात्री ९:३०

१० मिमी वाढवलं, ३२ आलं. झिपटाय आता घोडबंदरच्या पॅचवर वरून १४ मिमी शिल्लक ठेवून थांबतो.

सर्किलप_काका · मंगळवार, रात्री ९:४२

तसाच राहू द्या. झिपटाय काढू नका, पावसाळा संपला की पुन्हा बघा.